दारातलं पाणी

कापडदुकानाच्या मालकिणीने काम मागायला आलेल्या थोरलीचं अक्षर पाहिलं, तोंडी हिशेब करून घेतला, कापडाची घडी कशी घालते तेही पाहिलं. सगळं मनासारखं झालं. मग चष्मा कपाळावर चढवत ती म्हणाली, "बाकी काही नाही गं, पण जरा दात घासत जा. काउंटरवर गिऱ्हाइकाशी हसून बोलावं लागतं. सोमवारी ये, बघू."

थोरली घरी आली ती ओठ घट्ट मिटूनच. चपला उंबऱ्यातच भिरकावल्या, शिवणाच्या मशीनपुढे बसली आणि एकाच कापडावर उलटसुलट टीप मारत राहिली. आईने विचारलं, काय झालं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा बांध फुटला.

"दोनदा घासते मी रोज! आणखी किती घासू? तोंडच फोडून घेऊ का?"

थोरलीच्या दातांवर पांढरे डाग होते. खडूने रेघा ओढून कुणी त्या बोटाने फासाव्यात, तसे. पुढच्या दोन दातांवर ते जास्त होते आणि एकाच्या कडेला पिवळट झाक आली होती. शाळेत तिला 'खडू' म्हणायचे. तेव्हापासून ती हसताना तोंडावर हात न्यायची आणि घरातल्यांना ती तिची लकबच वाटायची. आपल्या माणसाच्या तोंडाकडे रोज कोण निरखून बघतं!

बाप संध्याकाळी आला. तो फरशीला पॉलिश करणारा. गमबुटात पांढरा चिखल, भुवयांवर दगडाची पूड आणि दिवसभर मशीन धरून हात इतके थरथरायचे की चहाची बशी वाजायची. गल्लीत त्याला चकचके म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देई. बायकोने झाला प्रकार सांगितला तशी त्याने बशी खाली आदळली.

"दात घासत नाही? माझी मुलगी? अगं, अख्खी गल्ली ज्याच्या दारात पाणी भरते त्याच्या घरात चूळ भरायला पाणी नाही, असं म्हणायचंय काय त्या बाईला?"

"ती पाण्याचं कुठे बोलली?" बायको म्हणाली.

"तेच झालं ते!"

पाणी म्हणजे त्याचा बोअर. थोरली जन्मली त्या वर्षी गल्लीतली विहीर आटली होती. खाली नुसता कातळ आहे, नसत्या फंदात पडू नकोस, असं सगळ्यांनी सांगितलं. जन्मभर दगड घासणाऱ्या माणसाला कातळाची कसली भीती? तो खोल गेला, आणखी खोल गेला आणि शेवटी काचेसारखं पाणी वर आलं. तेव्हापासून उन्हाळा लागला की त्याच्या दारातल्या नळावर हंड्यांची रांग लागे. त्याने कधी कुणाला नाही म्हटलं नाही, कधी नाक मुरडलं नाही. कोपऱ्यावरच्या मावशीने आयुष्यात कुणाचं कौतुक केलेलं कुणाला आठवत नव्हतं, पण तीसुद्धा म्हणायची, "माणूस तिरसट आहे, पाणी मात्र अमृत."

रविवारी त्याने कामावरची पावडर कागदाच्या पुडीत बांधून आणली. फरशीवर शेवटचा हात मारायची, आरशासारखी चमक आणणारी आंबूस वासाची पावडर. थोरलीला अंगणात उजेडात बसवलं, तिची हनुवटी वर केली आणि दातावरून नख ओढून बघितलं.

"वरचाच आहे डाग. निघेल."

"दात म्हणजे काय फरशी आहे का?" बायको दारातून म्हणाली.

"दगडच तो. फरशीहून काय वेगळा? तू मध्ये बोलू नकोस. तोंड उघड गं, आणखी."

बोटाला ओलं फडकं गुंडाळून, त्यावर पावडर घेऊन त्याने घासायला सुरुवात केली. थोरलीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, हिरड्या झोंबल्या, तिने बापाचं मनगट धरलं, पण ढकललं नाही. सोमवार तिच्याही डोळ्यांपुढे होता. मग तिने खळखळून चूळ भरली. धाकट्या बहिणीने पळत जाऊन आरसा आणला. दात पांढरेशुभ्र, एकसारखे चमकत होते. डाग गेले होते! थोरली हात वर न नेता हसली आणि बायकोसुद्धा "बाई गं!" म्हणून जवळ आली.

पण ओली फरशी कुणाचीही चांगली दिसते. तिचं खरं रूप वाळल्यावर कळतं. गिऱ्हाईक यायच्या आधी फरशीवर ओलं फडकं फिरवून ठेवायचं, हा तर त्याच्याच धंद्यातला जुना डाव. तो आज आपल्यावरच उलटला, हे चकचक्याच्या ध्यानात आलं नाही. लेक हसली की बापाची अक्कल गहाण पडते, दुसरं काय!

सोमवारी थोरली दुकानात गेली. भीतीने तोंडाला कोरड पडली होती. दात वाळले आणि डाग होते त्याहून पांढरे उठून आले. वर हिरड्या सुजलेल्या, लालबुंद. तिने ठरवल्याप्रमाणे हसून नमस्कार केला, तर मालकीण दोन पावलं मागेच सरली. "अगं, रक्त येतंय की तुझ्या तोंडातून!" आतल्या बाजूला कापड मोजणारी मुलगी फिस्सकन हसली. मालकिणीने पाण्याचा ग्लास दिला, बसायला खुर्ची दिली आणि जागा दुसऱ्या मुलीला दिली.

दोन दिवस थोरलीच्या तोंडात घास जाईना. गार पाणी लागलं तरी कळ मस्तकात जायची. शेवटी चौघंही तालुक्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरकडे गेले. धाकटीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून ती बरोबर, आणि चकचके काम टाकून आला, कारण त्याला कामावर बसवेना आणि उभंही राहवेना.

डॉक्टर तरुण होती. तिने दिवा वळवला. "कशाने घासलंत?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "माझ्या हातून झालं, मॅडम. फरशीची पावडर होती."

डॉक्टर रागावली नाही, त्याचंच त्याला जास्त लागलं. तिने नळीतून एका दातावर वारा सोडला. ओला दात वाळत गेला तसा डाग पांढराफट्ट होत वर आला. "बघा. वाळला की दिसतो."

ते पाहून त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"हा वरून बसलेला डाग नाही, काका. दात हिरडीच्या आत तयार होत होता, तेव्हाचा आहे. लहानपणापासून पाणी कुठलं?"

"घरच्या बोअरचं." तो ताठ झाला. "आमच्याइतका खोल बोअर आसपास कुणाचा नाही."

डॉक्टरने हातातला चिमटा खाली ठेवला. "खोल कातळातून येणाऱ्या पाण्यात कधीकधी फ्लोराइड जास्त उतरतं. ते थोडं असलं तर दातांना चांगलंच, पेस्टमध्येसुद्धा घालतात. पण लहान वयात रोज जास्त पोटात गेलं तर आतले दात असे खडूसारखे होतात."

"गोड पाणी आहे, मॅडम. काचेसारखं."

"ते दिसत नाही. चवीलाही लागत नाही."

"उकळून दिलं तर?" बायकोने विचारलं.

"उकळून जात नाही ते. उलट पाणी आटतं आणि ते तेवढंच मागे राहतं." मग ती थोरलीकडे वळली. "तू घाबरू नकोस. आधी हिरड्या बऱ्या होऊ दे. मग वरचा अगदी पातळ थर काढून, डागात औषध मुरवून ते फिके करता येतात. तरी उरले तर दाताच्याच रंगाचा मुलामा देता येतो. पार जातील असं मी सांगणार नाही, पण पुष्कळ फरक पडेल. घरी मात्र काही लावायचं नाही. लिंबू नाही, मीठ नाही, राख नाही."

"आणि फरशीची पावडर नाही," थोरली सुजलेल्या ओठांनी म्हणाली. डॉक्टरला हसू आलं. बापाला आलं नाही.

डॉक्टरने धाकटीलाही खुर्चीत चढवलं. तिचे पुढचे दुधाचे दात पडले होते आणि बोलताना शीळ वाजायची. "हिचे कायमचे दात आत्ता हिरडीत तयार होताहेत. हिचं पिण्याचं पाणी आजपासून बदला. आणि बोअरचं एक बाटली पाणी आणून द्या, आपण तपासून घेऊ."

बसमध्ये तो धुमसत होता. घर येईपर्यंत त्याने सगळ्या डॉक्टरांचा उद्धार केला. "कालची पोरगी मला शिकवणार! अख्खी गल्ली पिते. कोण मेलं? माझ्या पाण्याची परीक्षा घ्यायची म्हणे! बाटली देत नसतो मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तेलाचा रिकामा डबा घासून ओढ्यापलीकडच्या विहिरीवर गेली. ती उघडी विहीर होती, पलीकडच्या वस्तीची. पाणी तळाशी गेलेलं, दोर टाकला की आधी चिखल ढवळायचा. तिने डबाभर आणलं, फडक्यातून गाळलं आणि खाटेखाली ठेवलं. धाकटीला दटावलं, "तहान लागली की हेच प्यायचं, आणि अण्णांना बोलायचं नाही."

गल्लीत मुंगी शिंकली तरी मावशीला ऐकू जायचं. तिसऱ्या दिवशी नळावर भरल्या रांगेत तिने सूर लावला, "काय गं, घरचं अमृत सोडून ओढ्यावर जातेस म्हणे? आम्हाला एक पाणी आणि तुम्हाला एक, असं आहे होय?"

चकचके गमबूट चढवत होता. त्याने ऐकलं. सरळ आत गेला, खाटेखालचा डबा ओढला आणि अंगणात पालथा केला. तापलेल्या मातीने पाणी बघता बघता पिऊन टाकलं. रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. त्या दिवसांत पाणी असं कुणी सांडत नव्हतं.

"माझ्या दारात पाणी असताना चोरून आणतेस? तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस मला!"

"तुमच्या तोंडाचं राहू द्या," बायको म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तिच्या तोंडाचं बघा. एकीचं झालं, दुसरीचंही तसंच करायचंय का? बोअर मोठा की पोरगी मोठी, तेवढं सांगा मला. मग मी डबा उचलणार नाही."

तो सायकल काढून निघून गेला. भाकरीचं फडकं तिथेच राहिलं.

कामावर नव्या दवाखान्याच्या लांब खोलीची फरशी चालली होती. मशीन धरून मागे मागे सरकत जायचं, चिखल ओढायचा, पुन्हा पाणी टाकायचं. हे काम त्याने झोपेतही केलं असतं. पण त्या दिवशी तो एका कोपऱ्यातून हलेना. तिथे पांढरट ठिपका होता. तो घासे, पुसे, वाळू देई, आणि ठिपका पुन्हा वर येई. खालून क्षार चढत होता. असा डाग घासून जात नसतो, हे त्याने किती मालकांना सांगितलं होतं! तरी तो घासत राहिला, एवढा की तिथे बशीसारखा खळगा पडला आणि मुकादम ओरडत आला.

"डोकं ठिकाणावर आहे का? फरशी करतोयस की विहीर खणतोयस?"

त्याने मशीन बंद केलं. कपाळावर चिखलाचा हात फिरवला आणि मुकादमाला काही न सांगता बाहेर पडला.

शाळेची मधली सुट्टी होती. गल्लीतली पोरं आणि ओढ्यापलीकडची पोरं एकाच मैदानात खेळत. चकचके फाटकातून आत शिरला आणि मध्येच उभा राहिला. इथवर आला होता खरा, पण आता पोरांना म्हणायचं काय? दात दाखवा? पोरं त्याला टरकून होती, कारण नळाशी पाण्यात खेळलं की तो खेकसायचा.

मग त्याला काय सुचलं कुणास ठाऊक. त्याने नसलेलं मशीन दोन्ही हातांत धरलं, तोंडाने घर्रर्र आवाज काढला आणि कंबर हलवत, गमबूट फरफटत मागे मागे निघाला. पोरं थबकली. तो मुद्दाम घसरला, आपटला, उठला, पुन्हा घर्रर्र. एक मुलगी खुदकन हसली आणि मग सगळं मैदान त्याच्याभोवती गोळा होऊन फिदीफिदी हसू लागलं. तोंडं उघडली, दात दिसले. तो गोल फिरत एकेकाच्या तोंडात बघत गेला. शिंपिणीची मुलगी, खडूच्या रेघा. पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, रेघा. मावशीची मोठी नात, दातांवर पिवळट चट्टे. आणि त्यांच्याच खांद्याला खांदा लावून हसणारी पलीकडच्या वस्तीची पोरं, अंगाला माती, नाकाला शेंबूड, पण दात मात्र स्वच्छ.

"आणखी करा ना, आणखी!" पोरं ओरडत होती. त्याच्याने होईना. तो गुडघ्यांवर हात टेकून उभा राहिला. ही सगळी पोरं त्याने हौसेने पाणी पाजून वाढवली होती.

त्याच दिवशी तो बाटली भरून स्वतः तालुक्याच्या दवाखान्यात देऊन आला. पुढे चार-सहा दिवस त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. फोन वाजला की दचकायचा, नळ सुरू झाला की आत जाऊन बसायचा. बायको पुन्हा ओढ्यावर जायला लागली आणि त्याने डब्याला हात लावला नाही. शेवटी डॉक्टरचा फोन आला. "जास्त आहे, काका. बरंच जास्त. धुण्याभांड्याला चालेल, पण प्यायला आणि स्वयंपाकाला नको. गल्लीतही सांगा."

सकाळी रांग लागली तेव्हा तो नळापाशी उभा राहिला. खाकरून तो म्हणाला, "हे पाणी प्यायला नेऊ नका. वापरायला न्या. पोरांच्या दातांवर डाग आलेत ते या पाण्याने. मी तपासून आणलंय."

आधी कुणाला कळलंच नाही. मग मावशी पदर खोचत पुढे झाली. "पाणी द्यायचं जिवावर आलं असेल तर सरळ सांग की! पोरांच्या दातांवर कशाला ढकलतोस?"

"तसं नाही, मावशी."

"इतकी वर्षं प्यायलो, काही झालं नाही," गिरणीवाला म्हणाला.

"झालंय. तुझ्या पोराचं तोंड उघडून बघ."

"माझ्या पोराच्या तोंडाचं तू मला सांगू नकोस!"

"मग प्यायचं काय?" शिंपिणीने विचारलं. ती भांडत नव्हती, खरंच विचारत होती. "विहिरीला चिखल आहे. ओढा ओलांडून हंडे आणायचे, तर मशीनवर बसायचं कधी?"

"पंचायतीत जाऊ," तो म्हणाला. "टँकर मागू. पण तोवर लहानांना तरी देऊ नका. हात जोडतो."

त्याने खरंच हात जोडले. गल्लीने चकचक्याला हात जोडताना कधी पाहिलं नव्हतं. मग पहिल्या बाईने हंडा नळाखाली सरकवला. तिच्यामागून दुसरीने. त्याच्यासमोर, एक एक करून, सगळ्यांनी पाणी भरून नेलं. शेवटी मावशी राहिली. तिनेही कळशी भरली. कडेवर तिचं धाकटं नातवंड होतं. दोन पावलं जाऊन ती थांबली, नातवंडाचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला, हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि मागे न बघता निघून गेली.

चकचक्याने बायकोच्या हातातला डबा घेतला. "मी जातो."

ओढ्याच्या वाटेवर बायका थबकून बघायला लागल्या. "काय चकचके, वाट चुकलात का?" "अमृत आटलं वाटतं!" तो मान खाली घालून चालला. विहिरीवर त्याला दोर सोडायचं जमेना. बादली कडेवर आपटून अर्धी सांडे. एका म्हातारीने शेवटी दोर हिसकावून घेतला आणि त्याला ओढून दिलं. डबा खांद्यावर घेतला तर पाणी मानेवरून पाठीत उतरलं. दगडाची ओझी वाहिलेला माणूस, पण दगड हिंदकळत नाही. घर येईस्तोवर सदरा चिंब आणि डबा कसाबसा अर्धा उरला होता.

बायकोने पाणी गाळून घेतलं. त्याने धाकटीला हाक मारली, पेला भरून दिला. तिने घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! मातीसारखं लागतं. आपलंच पाणी चांगलं होतं."

"लागू दे. संपव."

तो समोर बसून तिचा प्रत्येक घोट बघत राहिला. कितीतरी दिवसांनी त्याला थोडं बरं वाटलं. मग त्याने उरलेल्या पाण्यावर झाकण ठेवलं.

थोरली मशीनवरून उठली. तिच्या हिरड्या आता भरत आल्या होत्या. तिने फळीवरचा पेला घेतला, डब्याला वळसा घालून अंगणात गेली आणि नळ सोडला.

"अगं," तो म्हणाला, "घरात आणलंय ना."

"ते धाकटीचं आहे," थोरली म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. एखादी रोजची गोष्ट सांगावी तसं ती म्हणाली. "माझे व्हायचे ते झाले, अण्णा. मला बोअरचं चालतं."

त्याने डब्याकडे पाहिलं. पाणी आणायला जाताना त्याने हंडा सोडून एवढंच भांडं नेलं होतं. धाकटीपुरतं. फोन आल्यापासून तो जे काही बोलला, ज्याच्यासाठी हात जोडले, ते सगळं लहानांसाठी होतं. थोरली त्याच्या हिशेबातच नव्हती, आणि हे तिला कधीचंच कळलं होतं.

तो उठला. तिच्या हातातला पेला घेऊन त्याने मातीत ओतला. आत जाऊन डब्यातलं गढूळ पाणी पेल्यात काठोकाठ भरलं आणि तिच्यापुढे धरलं.

थोरलीने बापाकडे पाहिलं, मग पेला घेतला आणि उभ्याउभ्याच पिऊन टाकला.

"जेवायला वाढतेय," बायको आतून म्हणाली. "आता कुठे निघालात?"

तो गमबूट चढवत होता. "मोठा हंडा दे," तो म्हणाला. "हे पाणी पुरणार नाही."